शिवलेलें छप्पर

अन्न, वस्त्र आणि निवारा ही मनुष्याच्या मूलभूत गरजांची त्रयी आपण सर्वजण शाळेपासून पाठ म्हणत आलों आहों. या त्रयींत वस्त्र आणि निवारा हीं दोन निराळीं खातीं मानलेलीं आहेत. एकाचा कारागीर शिंपी, दुसऱ्याचा गवंडी. ही वांटणी एका जागीं घर करून राहणाऱ्या माणसांनीं केलेली आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जो चालत असतो, ज्याचें रात्रीचें ठिकाण सकाळीं ठरलेलें नसतें, त्याच्या हिशेबीं हीं दोन खातीं एकच असतात. धनगराची घोंगडी दिवसां अंगावर खोळ असते आणि रात्रीं अंथरूण-पांघरूण होते. आणि लावणीच्या दिवसांत कोंकणांत वांकलेल्या पाठीवर जें इरलें दिसतें, त्याला वस्त्र म्हणावें कीं छप्पर, याचा निर्णय भाषेनेंहि केलेला नाहीं.

आम्ही स्वतः गेलीं तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. अन्न आम्हांस घरांत शिजलेलें मिळतें, कपडे शिंपी शिवून देतो, आणि निवारा एका सहकारी गृहसंस्थेनें चार मजल्यांवर बांधून दिलेला आहे. म्हणजे त्रयीपैकीं एकाहि वस्तूशीं आमच्या हातांचा संबंध नाहीं. अशा मनुष्यानें पंचावन्नाव्या वर्षीं डोंगरांत रात्र काढण्यासाठीं लागणारें छप्पर घरीं बसून शिवावें, ही गोष्ट मित्रमंडळींत थोडी थट्टेची झाली. त्या थट्टेला उत्तर देण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु त्या शिवणकामांत कांहीं गोष्टी हाताला कळल्या, ज्या डोळ्यांना कधीं कळल्या नसत्या. त्या लिहून ठेवाव्यात असें वाटतें.

सुरुवात झाली ती गुडघ्यांपासून. विशीपासून आम्हांस सह्याद्रींत हिंडण्याचा नाद आहे, आणि डोंगरावरची रात्र ही त्या नादाची खरी गोडी. दोन वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं आमच्या गुडघ्यांचीं छायाचित्रें उजेडासमोर धरलीं आणि सांगितलें कीं, यापुढें सहा किलोंहून अधिक ओझें पाठीवर घेऊन उतरावयाचें नाहीं. उतराल तर थोड्याच वर्षांत डोंगर सुटेल. घरीं येऊन आम्हीं आपली पाठपिशवी रिकामी केली आणि एकेक वस्तु स्वयंपाकघरांतील काट्यावर ठेविली. विकत घेतलेला तंबू एकटाच तीन किलोंच्या वर भरला. त्यांत कापडाचे दोन थर होते, जाळी होती, जाड तळ होता, वांकणाऱ्या कांबी होत्या, चेनी होत्या. अनुज्ञात भारापैकीं निम्मा भार घरच खात होतें! प्रश्न सरळ होता: डोंगरावरची रात्र सोडावयाची, कीं घर सोडावयाचें?

इंग्रजीच्या प्राध्यापकास अडचणीच्या वेळीं प्रथम पुस्तक आठवतें. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ सालीं फ्रान्समधील सेव्हेनच्या डोंगराळ मुलुखांतून बारा दिवस पायीं हिंडला, आणि पुढच्याच वर्षीं त्यानें त्या प्रवासाचें पुस्तक लिहिलें. निघण्यापूर्वीं त्यानेंहि तंबूचा विचार केला होता आणि तो सोडून दिला होता. तंबू उभारणें त्रासाचें, मोडणें त्रासाचें, आणि शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्यास तो दुरून दिसतो, अशी त्याची तक्रार. त्याऐवजीं त्यानें स्वतःच्या कल्पनेनें एक निजण्याची पिशवी करवून घेतली. बाहेरून गाड्यांवर घालतात तसलें हिरवें जलाभेद्य कापड आणि आंतून निळी मेंढीची लोंकर. कल्पना नामी होती. परंतु ती इतकी अवजड उतरली कीं ती वाहण्यासाठीं स्टीव्हन्सनला मोदेस्तीन नांवाची गाढवी विकत घ्यावी लागली, आणि मग सगळें पुस्तक त्या गाढवीभोंवतीं लिहावें लागलें. जड निवाऱ्यामुळें वाङ्मयाचा लाभ झाल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. आमच्या गुडघ्यांना मात्र या उदाहरणाचा उपयोग नव्हता.

उपयोग झाला तो एका शिंप्याचा. टॉमस हायराम होल्डिंग हा लंडनचा व्यवसायानें शिंपी. लहानपणीं, १८५३ सालीं, आईबापांबरोबर अमेरिकेंतील गवताळ मैदानांतून स्थलांतर करणाऱ्यांच्या गाड्यांसह तो गेला होता, आणि उघड्यावर राहण्याची चटक त्याला तेव्हांपासून लागली. पुढें सायकलवरून हिंडून रानांत मुक्काम करणाऱ्या लोकांची संस्था त्यानें १९०१ सालीं काढली आणि १९०८ सालीं या विषयावर मोठें पुस्तक लिहिलें. तोंवर तंबू म्हणजे लष्कराची आणि श्रीमंत शिकाऱ्यांची वस्तु; जाड कॅनव्हास, लांकडी खांब, आणि वाहून नेण्यास घोडा किंवा गाडी. होल्डिंगनें तो सायकलवर बांधतां येईल इतका लहान करून दाखविला. त्याच्या थोडें आधीं गिर्यारोहक ममरी, जो १८९५ सालीं नंगा पर्बतावर नाहींसा झाला, तो रेशमी कापडाचा लहानसा तंबू बर्फांत चालण्याच्या कुऱ्हाडींवर उभा करीत असे. खांब वेगळे नेण्याचें कारणच उरत नसे. आमच्या मतें हलक्या निवाऱ्याचा शोध इंजिनियरानें न लावतां शिंप्यानें लावावा हें योग्यच झालें. इंजिनियर भार पेलणारी वस्तु पाहतो. शिंपी अंगावर बसणारी वस्तु पाहतो.

अमेरिकेंत या विद्येला पुढें निराळें वळण लागलें. १९५५ सालीं एमा गेटवुड नांवाच्या ६७ वर्षांच्या बाई अॅपलाचियन पर्वतांतील पायवाट जॉर्जियापासून मेनपर्यंत एकट्या आणि एकाच हंगामांत चालून गेल्या. अंतर दोन हजार मैलांहून अधिक. अकरा मुलांची आई, शेतावर राबलेली. खांद्यावर स्वतः शिवलेली जाड सुती कापडाची पिशवी, आणि पावसासाठीं न्हाणीघरांत लावतात तसला प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नव्हताच. पुढें रे जार्डिन या गिर्यारोहकानें, ज्यानें पत्नीसह पॅसिफिक क्रेस्ट ही मेक्सिकोच्या सरहद्दीपासून कॅनडाच्या सरहद्दीपर्यंतची सुमारे २,६५० मैलांची वाट एकाहून अधिक वेळां चालून काढली, १९९२ पासून लिहिलेल्या पुस्तकांतून असा उपदेश केला कीं, तंबू टाका, चार कोपऱ्यांचें साधें छत घ्या, आणि तें स्वतः घरीं शिवा. त्याचा पंथ आतां बराच वाढला आहे. त्या पंथांत दांत घासण्याच्या ब्रशाची मूठ कापून चार ग्रॅम वांचविणारे साधकहि आहेत. आम्हीं आपल्या ब्रशाला हात लावलेला नाहीं. वैराग्यालाहि कांहीं मर्यादा असावी.

परंतु छताची गोष्ट आम्हांस पटली. कापडाची निवड हें पहिलें काम. नायलॉन हें १९३५ सालीं अमेरिकेंत ड्यू पॉन्टच्या प्रयोगशाळेंत कॅरदर्स यांनीं तयार केलें. महायुद्धांत त्याच्या हवाई छत्र्या झाल्या, आणि आपल्या बाजारांत असल्या पातळ कापडाला अजूनहि पॅराशूटचें कापड म्हणतात. आम्हांस हवें होतें तें याच जातीचें, परंतु दोन्हीं बाजूंनीं सिलिकॉन मुरविलेलें. चौरस मीटरला सुमारे ४५ ग्रॅम. उजेडांत धरलें म्हणजे त्यांत आडव्या-उभ्या जाड धाग्यांची बारीक चौकट दिसते. फाटलेंच तर फाटणें त्या चौकटीपाशीं अडतें. तें पेठेंत मिळालें नाहीं, दूरच्या व्यापाऱ्याकडून मागवावें लागलें. दीड मीटर पन्ह्याचें सहा मीटर कापड आलें तें एका लिफाफ्यांत मावलें होतें. नायलॉन ओलें झालें म्हणजे लांबतें आणि ढिलें पडतें. पॉलिएस्टर तितकें लांबत नाहीं. तरीहि समान वजनांत नायलॉन अधिक बळकट, म्हणून आम्हीं तेंच पत्करलें. रात्रीं उठून दोऱ्या ताणण्याचें काम आपल्याकडे आलें हें ओघानेंच झालें.

घरांतील शिवणयंत्र आमच्या पत्नीचें, आणि तिला तें तिच्या आईकडून आलेलें. पायानें चालविण्याचें, काळें, सोनेरी वेलबुट्टीचें. "अहो, सुया वाटेल तितक्या मोडा," पत्नी म्हणाली, "पण तेल घालतांना मला हांक मारायची, आणि चाक उलटं फिरवायचं नाही." एवढ्या दोन अटींवर तें आमच्या ताब्यांत आलें.

कापड कापण्यापूर्वीं आम्ही तें घेऊन आमच्या गल्लींतील शिंप्यांकडे गेलों. आपल्याकडे शिंप्यास आणि शिक्षकास एकच पदवी आहे, दोघेहि मास्तर. तीस वर्षें आम्ही त्यांना मास्तर म्हणत आलों आणि ते आम्हांस सर म्हणत आले, परंतु कोण कोणाचा मास्तर हा प्रश्न त्या दिवशीं प्रथमच निघाला. त्यांनीं कापड दोन बोटांत चोळलें, हंसले, आणि म्हणाले, "सर, हे हातांत राहत नाही. माशासारखं आहे. टाचण्या लावूं नका. जिथे टोचाल तिथे भोक कायमचं." मग त्यांनीं विचारलें कीं यावर ओढ कुठून पडणार. हा प्रश्न आम्हांस सुचलेला नव्हता. सदरा शिवणारा मनुष्य हात वर केला म्हणजे काखेंत काय होईल याचा विचार आधीं करतो. आम्ही लांबी-रुंदीच्या पलीकडे गेलों नव्हतों.

त्यांनीं आमच्याच सदऱ्याची बाही उलटी करून आम्हांस शिवण दाखविली. तीस वर्षें जी वस्तु आम्ही अंगावर घालीत होतों तिची आंतली बाजू आम्हीं त्या दिवशीं पाहिली. दोन कापडें एकावर एक ठेवून, एकाचा काठ दुसऱ्याच्या किंचित् बाहेर ठेवून, पहिली टीप मारतात. मग तो बाहेर राहिलेला काठ दुसऱ्यावर दुमडून, सगळी शिवण एका अंगाला निजवून, वरून दुसरी टीप मारतात. कापलेल्या दोन्हीं कडा आंत गाडल्या जातात, त्या जागीं कापडाचे चार थर होतात, आणि ओढ दोन टिपांवर वांटली जाते. जीनच्या विजारीच्या मांडीवर ज्या दोन समांतर रेषा दिसतात त्या याच. छपराच्या कण्यावर ही शिवण घालावयाची तर दुमडीचें तोंड उताराकडे ठेवावयाचें, म्हणजे कौलारू पाखीवर वरचें कौल खालच्यावर चढतें तसें पाणी तिच्यावरून घसरून जातें. आणि टीप बारीक नको, असें मास्तरांनीं दोनदां बजावलें. बारीक टीप मजबूत असते असा आपला समज. पण पातळ कापडावर बारीक टीप म्हणजे टपालाच्या तिकिटांमधील भोंकांची रांग, ओढतांच तेथूनच फाटावयाचें. इंचाला आठ-नऊ टांके पुरेत. दोरा सुती नको. सुती दोरा ओलाव्यानें कुजतो आणि शिवण राहते ती नुसती नांवाची.

या एका धड्यावर आम्हीं तीन संध्याकाळी जुन्या छत्रीच्या कापडावर हात बसविला, आणि मग कात्री धरली.

छपराच्या कण्याविषयीं मात्र थोडें विस्तारानें सांगावेंसें वाटतें. दोन काठ्यांमध्यें कापड ताणलें कीं त्याची वरची रेषा सरळ राहत नाहीं. मधें झोळ येतो, झोळांत वारा शिरतो आणि रात्रभर फडफड चालू राहते. यावर उपाय असा कीं कण्याची रेषा आधींच किंचित् वक्र कापावयाची. मग दोन्हीं टोंकें ओढलीं कीं ताण सगळ्या कापडभर सारखा पसरतो. हा वक्र कोणता? दोन खिळ्यांना अडकविलेली साखळी स्वतःच्या वजनानें ज्या रेषेंत लोंबते, तो. गॅलिलिओनें १६३८ च्या आपल्या ग्रंथांत लोंबत्या साखळीची रेषा अन्वस्ताशीं मिळतीजुळती ठरविली होती. तिचें खरें समीकरण १६९१ सालीं हायगेन्स, लायब्निट्स आणि योहान बेर्नुली या तिघांनीं निरनिराळें काढलें. आमचें गणित मॅट्रिकच्या पलीकडे गेलेलें नाहीं. परंतु भिंतीला समीकरण येतें. बैठकीच्या भिंतीवर तीन मीटरांच्या अंतरावर दोन खिळे ठोकले, त्यांना बारीक लोखंडी साखळी अडकवून मधें तीन बोटें खालीं सोडली, मागें वर्तमानपत्रें चिकटविलीं आणि साखळीच्या कडेनें पेन्सिल फिरविली. युरोपांतील तीन प्रकांड पंडितांनीं जें शोधलें तें पांच मिनिटांत कागदावर उतरलें. खिळे ठोकण्याची परवानगी घेतली होती कीं नाहीं, हा वाद पुढें आठवडाभर पुरला.

कोपऱ्यांना वेळ सर्वांत जास्त लागला. असल्या छताचा सारा भार आठ-दहा ठिकाणीं एकवटतो. चार कोपरे, कण्याचीं दोन टोंकें, कडेच्या मधल्या जागा. प्रत्येक ठिकाणीं दुहेरी-तिहेरी ठिगळ आणि त्यावर नाडीचा फास. ठिगळाच्या कडा गोल ठेवावयाच्या, नाहीं तर ठिगळाचा कोपराच मूळ कापडाला फाडतो. आणि धागा उभा ओढला, आडवा ओढला तर तो राहतो. परंतु उरेब ओढला कीं कापड रबरासारखें वाहूं लागतें. कोपऱ्यावरची ओढ नेमकी उरेबच असते. मास्तरांनीं विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ आम्हांस येथें पुरता कळला.

सगळें शिवून झाल्यावर टिपांच्या भोंकांतून पाणी येऊं नये म्हणून शिवणी भरून घ्याव्या लागतात. सिलिकॉन मुरविलेल्या कापडाला सिलिकॉनखेरीज दुसरें कांहीं चिकटत नाहीं. म्हणून खिडकीच्या कांचेभोंवतीं भरतात तें सिलिकॉन टर्पेंटाईनमध्यें पातळ करून कुंचल्यानें शिवणींवर फिरविलें आणि गच्चीवर दिवसभर वाळविलें. छप्पर तयार झालें त्याचें वजन ४७० ग्रॅम भरलें. दोऱ्या आणि मेखा धरून ७०० च्या आंत. उभें करण्यास आमची चालण्याची काठी आणि सोबत्याची काठी.

आतां या हलकेपणाचें खरें मोल कोठें चुकतें करावें लागतें तें पाहूं. तंबूच्या तीन किलोंतला एकहि अंश उगाच नसतो. तळ आहे म्हणून जमिनीवरून वाहणारें पाणी आंत येत नाहीं. भिंती आहेत म्हणून वारा कुठूनहि आला तरी चालतें. जाळी आहे म्हणून विंचू-किड्यांची चिंता नाहीं. हें सगळें आम्हीं कापून टाकलें होतें. म्हणजे तंबूनें जें काम मुकाट्यानें केलें असतें तें आतां आम्हांस करावें लागणार होतें. जागेचा उतार पाहणें, पाणी कोणत्या वाटेनें जाईल तें ओळखणें, वारा मध्यरात्रीं कुठून येईल याचा अदमास घेणें, दगड उलटून खालीं काय आहे तें बघणें. पाठीवरचें वजन नाहींसें होत नाहीं. तें डोक्यांत भरावें लागतें. जे हलकें छत विकत घेऊन थेट डोंगरावर जातात त्यांच्याविषयीं आम्हांस काळजी वाटते ती यामुळें. त्यांनीं वजन उतरविलेलें असतें आणि त्याच्या जागीं कांहींच घेतलेलें नसतें.

आमच्याजवळहि ही विद्या अर्धीच होती, आणि तिचा उरलेला भाग कोणत्या पुस्तकांत नसून रस्त्याच्या कडेला आहे हें ध्यानांत यायला थोडे दिवस गेले. हिवाळ्यांत पुण्याहून कोणत्याहि साखर कारखान्याच्या दिशेनें निघालें कीं उसाच्या फडाजवळ तोडणी कामगारांच्या कोप्या दिसतात. बांबू, पाचट, आणि वर ताडपत्री. बीडकडून आलेलीं हीं कुटुंबें हंगामाचे पांच-सहा महिने त्यांत काढतात. अशा वस्तीवरून आमची मोटार वर्षानुवर्षें गेली होती. या खेपेस आम्ही उतरलों. एका कोपीच्या दाराशीं एक वृद्ध बाई भाकरी थापीत होत्या. आम्हीं त्यांना कोपी बांधण्याची रीत विचारली. त्यांनीं प्रथम आमच्या बुटांकडे पाहिलें, आणि मग सांगितलें: "वाऱ्याला तोंड द्यायचं न्हाई, मास्तर. पाठ द्यायची. अन् पाठ खाली दाबायची, जिमिनीला." पाण्यासाठीं वरच्या अंगाला चर मारावयाचा, कोपीच्या भोंवतीं वाटोळा नव्हे, कोयत्यासारखा, म्हणजे पाणी दोन्हीं बाजूंनीं फुटून जातें. दोरी कोरडी असतांना कधीं घट्ट बांधावयाची नाहीं, ओली झाल्यावर ती आंखडून खुंटी उपटते. आमच्या नायलॉनचा धर्म याच्या उलट, हें आम्हीं मनांतच म्हटलें. बाईंच्या सुतळीचें शास्त्र अचूक होतें.

सांगून झाल्यावर त्यांनीं विचारलें, "तुमाला कशाला पायजे पाल? घर न्हाई का?"

पाल हा शब्द त्यांनीं अगदीं सहज वापरला. जार्डिनच्या छताला इतका नेमका मराठी शब्द अस्तित्वांत असतां आम्ही महिनाभर छत, छप्पर, निवारा असे शब्द हुडकीत होतों. कारण तो शब्द आमच्या भाषेंत असला तरी आमच्या आळींत नव्हता. प्रश्नाला आम्हीं "हौस" असें उत्तर दिलें. बाईंनीं तव्यावरची भाकरी उलटली. आमच्या सातशें ग्रॅमांची बढाई त्या दाराशीं सांगण्याजोगी नव्हती; आंत दोन लहान मुलें निजलीं होतीं, एक पेटी होती, पातेलीं होतीं, आणि तें सगळें दर हंगामाला उचलून नेण्याचें ओझें त्या कुटुंबाचें होतें. हलकेपणा ही वस्तु ज्याच्या घरीं जड सामान सुखरूप ठेवलेलें आहे त्यालाच परवडते. गेटवुडबाईंचा पडदा आणि जार्डिनचें छत यांत आम्हांस जो फरक वाटतो तो हाच. एकीनें जवळ होतें तें घेतलें, दुसऱ्यानें जवळ असलेलें विचारपूर्वक टाकलें. दोघेहि आमच्या आदराचे आहेत. परंतु पहिल्या कृतीला तत्त्वज्ञान लागत नाहीं.

जानेवारींत आम्ही घाटघरला गेलों. जुन्नर तालुक्यांत, जीवधनच्या पायथ्याशीं, नाणेघाटाच्या माथ्यावर हें गांव आहे. सातवाहनांच्या राणीचा लेख असलेली गुहा तेथून जवळच. सोबत पत्नी होती. इतकीं वर्षें डोंगराला तिनें दुरून नमस्कार केलेला. परंतु या खेपेस ती म्हणाली कीं, मशीन माझ्या आईचं आहे, तेव्हां काय शिवलंय तें मी बघणार. निघण्यापूर्वीं तिनें प्रत्येक फासावरून अंगठा फिरविला होता. एका शेतकऱ्याच्या परवानगीनें कापणी झालेल्या खाचरांत, बांधाच्या आडोशाला, आम्हीं पाल घातलें. दगड उलटले, एकाखालीं विंचू निघाला, त्याला त्याची जागा सोडून आम्ही दहा पावलें सरकलों. खालीं पातळ प्लॅस्टिक अंथरलें, कणा सांजवाऱ्याच्या रेषेंत लावला आणि पाठ जमिनीला दाबली.

विकत घेतलेल्या तंबूंत आम्ही पुष्कळ रात्री निजलों आहों, आणि वारा सुटला म्हणजे तंबू आवाज करतो एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. त्या रात्रीं आवाज वेगवेगळे झाले. दोनच्या सुमारास वाऱ्यानें दिशा बदलली, आणि पडल्या पडल्या आम्हांस कळलें कीं हा खरखराट डावीकडच्या मधल्या ठिगळाचा, याला तीन थर आहेत, तिसऱ्या संध्याकाळीं शिवलेला, टिकेल. नंतर कण्याच्या टोंकाशीं एक हलकी टकटक सुरू झाली. ती दोरी ढिली पडल्याची, कारण दंव पडून कापड लांबलें होतें. उठून, काठी चार बोटें खालीं घेऊन, दोऱ्या नव्यानें ताणल्या. आंत आलों तेव्हां पत्नी गाढ झोंपली होती. आम्ही आयुष्यभर शब्द दिले, मतें दिलीं, गुण दिले. त्यांपैकीं एखादें फाटलें तर कोणी रात्रीं गारठला असें झालेलें नाहीं. आपल्या हातच्या टांक्यांखालीं दुसरें माणूस निर्धास्त झोंपलें आहे, हा अनुभव आम्हांस नवा होता. आणि तो पुरता सुखाचा होता असें म्हणतां येत नाहीं. पहाटेपर्यंत आम्ही जागेच होतों. उजाडलें तेव्हां कापडाच्या आंतल्या अंगाला ओलसरपणा नाममात्र होता. बंद तंबूंत दोन माणसांच्या श्वासानें सकाळीं जें ठिबकतें तें येथें मोकळ्या कडांखालून निघून गेलें होतें.

पावसाळ्यांत आम्ही हें पाल नेत नाहीं. आषाढांतील सह्याद्रीचा पाऊस आडवा येतो, आणि त्याला उत्तर म्हणून गांवांतली एखादी पडवीच चांगली. एरव्हीं आतां गुडघे कुरकुरत नाहींत; गेल्या हिवाळ्यांत चार रात्री झाल्या.

सहा मीटरांतून कडा छाटून एक लांबट तुकडा उरला होता. पाल दाखविण्यास आम्ही तें मास्तरांच्या दुकानांत घेऊन गेलों तेव्हां त्यांनीं एक कोपरा दोन्हीं हातांनीं ओढून पाहिला, शिवण उलटून पाहिली, आणि मग तो तुकडा मागितला. पावसाळ्यांत दुकानाचें छप्पर गळतें, यंत्रावर घालायला बरा होईल म्हणाले. आम्हीं तो आनंदानें दिला. त्याच्या कडा आम्हीच शिवून देतों असेंहि सुचविलें. विचार करून सांगतों, असें ते म्हणाले.